एका पायावर

"इथे सही कर, म्हणजे झालं," असं म्हणून रॉल्फने कागद माझ्या तपासणीच्या टेबलावर ठेवला.

सोमवार होता. सकाळचे साडेआठ वाजून गेले होते आणि खिडकीबाहेर आत्ता कुठे उजाडायला लागलं होतं. मी टेबलावरची चादर बदलत होते. हातातली उशी तशीच धरून कागद वाचला. स्वीडिश वाचायला मला तेव्हाही वेळ लागायचा, पण मजकूर चारच ओळींचा होता.

'सिग्ने लिंडवाल, वय एकतीस. बाळंतपणानंतर कमरेच्या मागच्या सांध्यात वेदना. डावा पाय अजून पूर्ण भार घेत नाही. रिलेसाठी वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य.'

खाली माझं नाव टाईप केलेलं होतं, आणि नावाच्या वर सहीपुरती मोकळी जागा.

"ती काल जिंकली," मी म्हणाले.

"हो. मी तिथेच होतो."

"दहा किलोमीटर, उणे अकरा तापमानात. डावा पाय भार घेत नसता तर ती पहिल्या चढावरच बसली असती."

"हेमा," रॉल्फ म्हणाला. तो कधी आवाज चढवत नसे. "एका रविवारी जिंकणं वेगळं आणि तीन आठवड्यांनी देशासाठी रिले धावणं वेगळं. तिथे ऐनवेळी तिची कंबर धरली तर बाकीच्या तिघींनी काय करायचं?"

मी हेमांगी. मूळची मिरजेची. नवऱ्याला, उदयला, उत्तर स्वीडनमधल्या एका खाणीत इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून आम्ही हेडविकेन नावाच्या या लहानशा गावात आलो. भाषा शिकण्यात दोन वर्षं गेली, मग इथली परीक्षा, आणि मग इथल्या स्की केंद्रात मला फिजिओची नोकरी मिळाली. ज्या देशात येईपर्यंत मी कधी बर्फावर पाऊल ठेवलं नव्हतं, तिथल्या धावपटूंचे पाय माझ्या हाताखाली आले. रॉल्फ तिथला मुख्य प्रशिक्षक. वय अठ्ठावन्न. इथे सगळेच एकमेकांना 'तू' म्हणतात, प्रशिक्षकालासुद्धा. पहिला महिनाभर ते माझ्या घशातून निघत नव्हतं. नंतर आवडायला लागलं. वाटायचं, इथे कोणी साहेब नाही. 'तू' म्हटल्याने कोणी बरोबरीचा होत नाही, हे मला त्या सोमवारी कळलं.

झालं होतं असं. त्या वर्षीच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुलींची स्कीवरची रिले होती, चौघींची. तिघी आधीच ठरल्या होत्या. चौथी जागा रविवारची शर्यत जिंकणारीला, असा नियम सप्टेंबरातच छापून केंद्राच्या फलकावर लावलेला होता. रॉल्फने तो नियम स्वतः लिहिला होता, आणि लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे एब्बा होती. एब्बा एकवीस वर्षांची, त्यानेच घडवलेली, खरोखर गुणी. पण रविवारी एब्बा चार सेकंदांनी मागे राहिली. जिंकली सिग्ने, जिला चौदा महिन्यांची मुलगी होती आणि जिचं नाव शरद ऋतूत कोणी यादीतसुद्धा धरलं नव्हतं. नियमाला एकच पळवाट होती: विजेती वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य असेल तर जागा दुसरीला.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "डिसेंबरपासून ती ठणठणीत आहे. फाइलमध्ये मीच तसं लिहिलंय."

मला वाटलं होतं तो चिडेल. पण त्याने नुसती मान हलवली. "ठीक. मग फाइल नको. दुपारी चार वाजता निवड समिती बसतेय. तिथेच तिला तपास. एका पायावर उभी कर, गुडघा वाकवायला लाव, तुम्ही लोक जे काय करता ते. जमलं तर ती रिलेत. पहिलं अभिनंदन मी करीन."

"समितीसमोर?"

"म्हणजे हेमा तिची मैत्रीण आहे म्हणून पास केली, असं नंतर कोणी म्हणायला नको."

तो कागद तिथेच ठेवून निघून गेला.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. गेल्याच शुक्रवारी सिग्ने माझ्या खोलीत डाव्या पायावर पुरती दोन मिनिटं उभी होती, आणि उभ्या उभ्या मुलीला दाढा कशा येताहेत ते सांगत होती. ही परीक्षा ती झोपेतही पास झाली असती.

मग मी कागद पुन्हा वाचला, आणि तिसऱ्या वाक्याशी अडकले. डावा पाय अजून पूर्ण भार घेत नाही. फाइलमध्ये मी असं कधीच लिहिलेलं नव्हतं. फाइलमध्ये अंश असतात, आकडे असतात. हे वाक्य बोलण्यातलं होतं. आणि बोलले होते मी. ऑक्टोबरात, कॉफीच्या सुट्टीत, दालचिनीचा बन खाता खाता रॉल्फने सहज विचारलं होतं, "सिग्नेचं कसं चाललंय?" आणि मीही सहज सांगितलं होतं, "डावा पाय अजून पूर्ण भार घेत नाही, पण दोन महिन्यांत घेईल बघ." त्याने वाक्याचा पुढचा अर्धा भाग टाकून दिला होता आणि पहिला जपून ठेवला होता.

माझे वडील मिरजेला एका दवाखान्यात कंपाउंडर होते. संध्याकाळी घरी आले की आई विचारायची, "आज कोण कोण आलं होतं हो?" वडील म्हणायचे, "आजारी माणसं." चौतीस वर्षं त्यांनी एवढंच उत्तर दिलं. त्यांची मुलगी मी, परदेशात शिकून, लायसन्स घेऊन, एका बनावर रुग्णाचं दुखणं सांगून बसले होते.

मी गाडी काढली आणि सिग्नेकडे गेले.

ती गावाबाहेर सहा किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला राहायची. सोबत मुलगी तूवा, आणि सिग्नेचे वडील एव्हर्ट. मुलीचा बाप नॉर्वेत समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होता, महिन्यातून दहा दिवस यायचा. एव्हर्ट जन्मभर जंगलात लाकूडतोडीवर राबलेला माणूस. सिग्ने पाच वर्षांची असताना त्यानेच तिला पहिली स्की बांधून दिली. शाळेची बस घरापासून तीन किलोमीटरवर थांबायची, तिथपर्यंत ती रोज स्कीवरून जायची. सतराव्या वर्षी ती ज्युनिअरमध्ये देशात पहिली आली. त्यानंतर मात्र तिची सगळी कारकीर्द एका पावलाने हुकत गेली होती. दोन मोठ्या स्पर्धांत ती राखीव म्हणून जाऊन बाकावर बसून परत आली. तिसऱ्यांदा धावायला मिळालं, तर चौथी आली. अठ्ठाविसाव्या वर्षी एका चढावर दोघींना मागे टाकून ती पुन्हा चौथी आली. मग दिवस गेले. पोटातलं मूल सात महिन्यांचं असताना ती रॉल्फला म्हणाली होती, "मी परत येणार आहे." रॉल्फ म्हणाला होता, "सगळ्याच म्हणतात."

परत कशी आली ते मी पाहिलं होतं. बाळंतपणानंतर चार महिन्यांनी ती चाकांच्या स्कीवरून डांबरी रस्त्याने सराव करायची, आणि शेजारून एव्हर्ट सायकलवर, मागे जोडलेल्या गाडीत तूवा. तूवा रडली की तिघंही थांबायची. सिग्ने रस्त्याकडेला बसून तिला पाजायची, पुन्हा उठायची.

मी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात तूवाला लापशी भरवत होती. मला पाहून हसली. "काय गं, मालिश घरपोच द्यायला लागलीस का?"

मी कागद पुढे केला. ती वाचायला लागली तशी मी तूवाला मांडीवर घेतलं, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. एव्हर्ट चुलीपाशी उभा होता. सिग्नेने कागद त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून वाचला, परत दिला, आणि बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागला. आत आम्हाला घाव ऐकू येत होते.

"याला कोणी सांगितलं?" सिग्नेने विचारलं. "ऑक्टोबरातलं. हे तुझ्या खोलीबाहेर कसं गेलं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

तूवाने माझ्या कानातला डूल ओढला. मी तिची मूठ सोडवत राहिले, म्हणजे वर बघावं लागू नये.

"मी सही केलेली नाही," मी घाईघाईने म्हणाले. "चार वाजता समितीसमोर तपासणी आहे. मीच करणार आहे. दोन मिनिटांचं काम आहे, सिग्ने. एका पायावर उभी राहा, पाच वेळा गुडघा वाकव, संपलं."

ती रिकामी वाटी घेऊन उठली. मग वाटी धुवून पालथी घालत म्हणाली, "चार वाजता ना? येते."

मला वाटलं, सुटले.

चार वाजता मी समितीच्या खोलीत गेले तर टेबल भिंतीकडे सरकवलेलं, आणि मधोमध जमिनीवर व्यायामाची निळी चटई अंथरलेली. ती रॉल्फने स्वतः आणून ठेवली होती. खुर्च्या चटईभोवती अर्धवर्तुळात मांडल्या होत्या. समितीत पाच जण, चार पुरुष आणि अध्यक्ष बिर्गिट. बिर्गिट साठीच्या पुढची, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. थर्मासमधून सगळ्यांना कॉफी ओतून झाली होती. बाहेरच्या बाकावर एब्बा बसली होती. तिलाही बोलावून ठेवलं होतं, निकाल लागताच कागद पुरे करायला.

सिग्ने आली ती जीन्स आणि लोकरी स्वेटर घालून. पायात बर्फातले जाड बूट. बाकाशी ती थांबली. एब्बा उठून उभी राहिली, तिचे डोळे लाल होते. "मी यातलं काही मागितलेलं नाही," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," सिग्ने म्हणाली आणि आत आली.

"कपडे बदलून ये ना," बिर्गिट गोड आवाजात म्हणाली. "आम्ही थांबतो."

"नाही बदलणार."

"या बुटांत कसं जमेल?"

"मी एका पायावर उभी राहणार नाहीये," सिग्ने म्हणाली. "मी काल दहा किलोमीटर धावून दाखवलं. तुम्ही पाचही जण शेवटच्या रेषेपाशी उभे होतात. आज इथे चटईवर काही करून दाखवणार नाही."

मी तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "सिग्ने, वेडेपणा करू नकोस. दोन मिनिटं. जागा तुझीच आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नवीन माणसाला पाहावं तसं तिने मला पाहिलं. "जागा माझीच आहे," ती म्हणाली. "मग दोन मिनिटं कशाची?"

मी फाइल घेऊन भिंतीपाशी मागे सरकले. सोळा वर्षं झाली, तिचा तो प्रश्न अजून माझ्यापाशी आहे.

ती समितीकडे वळली. "काल पहिल्या पाचांत आलेल्या सगळ्या जणी या चटईवर येणार आहेत का? एब्बाचा घोटा नोव्हेंबरात मुरगळला होता, सगळ्या केंद्राला माहीत आहे. ती बाहेरच बसलीय. बोलवा."

"एब्बाबद्दल कोणी शंका घेतलेली नाही," रॉल्फ म्हणाला.

"माझ्याबद्दल कोणी घेतली?"

"हे बघ, कोणी तुझ्यावर अन्याय करत नाहीये," बिर्गिट मध्ये पडली. "मलाही दोन मुलं आहेत. बाळंतपणानंतर शरीर पूर्वीसारखं राहत नाही, हे आपण बायकांनी तरी मान्य करायला हवं. आम्हाला तुझीच काळजी आहे."

"माझी काळजी असती तर मला विचारलं असतंत."

रॉल्फने खांदे उडवले. "प्रश्न मी काढलेला नाही. माहिती फिजिओकडून आली. विचारा तिलाच."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सिग्नेची सगळ्यात शेवटी.

त्या क्षणी रॉल्फला काय वाटत होतं ते मला स्वच्छ दिसलं. त्याला वाटत होतं, ही गप्प बसेल. हिची नोकरी कंत्राटावर आहे. ही लांबून आलेली आहे, भाषेत अडखळते, 'तू' म्हणतानाही मान खाली घालते. गप्प बसेल, चटईकडे बोट दाखवेल, आणि सिग्ने नाही म्हणाली की सगळ्यांचा प्रश्न मिटेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर चिडले होते, बिर्गिटच्या गोड आवाजावर चिडले होते, आणि सगळ्यात जास्त मी स्वतःवर चिडले होते. कारण त्याचा अंदाज दुपारी चार वाजेपर्यंत अगदी बरोबर होता.

"माहिती माझ्याकडूनच गेली," मी म्हणाले. माझं स्वीडिश त्या दिवशी अडखळलं नाही. "ऑक्टोबरात, कॉफी पिताना, मी रॉल्फला सांगितलं की तिचा डावा पाय अजून पूर्ण भार घेत नाही. ते सांगायचा मला हक्क नव्हता. रुग्णाला न विचारता मी बोलले. हा माझा गुन्हा आहे, लिहून घ्या. पण त्याच वाक्यात मी असंही म्हणाले होते की दोन महिन्यांत घेईल. आणि घेतला. डिसेंबरातली नोंद फाइलमध्ये आहे. तिची परवानगी असेल तर आत्ता वाचून दाखवते."

"वाच," सिग्ने म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी वाचली. आकडे, अंश, दोन्ही पायांचा जोर मोजलेलं कोष्टक. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित बळकट भरला होता.

"मग हेच इथे करून दाखवायला काय हरकत आहे?" समितीतला एक जण म्हणाला. तो इतका वेळ बिस्किट खात होता.

"मी तपासणार नाही," मी म्हणाले. "शर्यत जिंकलेल्या मुलीला आजारी ठरवायला ही चटई अंथरलीय. मी याला हात लावणार नाही."

रॉल्फ पहिल्यांदाच कडक आवाजात बोलला. "मग तपासणी झाली नाही एवढंच कागदावर येईल."

तसंच आलं. आम्हाला दोघींना बाहेर जायला सांगितलं. वीस मिनिटांनी बिर्गिटने येऊन निर्णय वाचून दाखवला. विजेत्या खेळाडूने वैद्यकीय तपासणीस नकार दिल्यामुळे तिची तंदुरुस्ती सिद्ध होऊ शकली नाही. सबब चौथी जागा एब्बाला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "भावना बाजूला ठेवून निर्णय घेतलाय हं." हात पुढे केला. सिग्नेने तो हात घेतला नाही. एब्बाला मात्र म्हणाली, "जोरात धाव. रडत धावू नकोस, दम लागतो."

मी तिच्यामागून गाड्यांपर्यंत गेले. बाहेर कडाक्याची थंडी होती. ती गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होती.

"सिग्ने, मी..."

"तू आत जे बोललीस ते बरोबर होतं," ती म्हणाली. खरवडणं थांबलं नाही. "पण सकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात बसून 'माहीत नाही' म्हणालीस."

"हो."

"माझी पोर तुझ्या मांडीवर होती."

ती गाडीत बसली आणि गेली.

आठवड्याभरात मला पत्र आलं. रुग्णाची गोपनीय माहिती उघड केल्याबद्दल ताकीद, आणि कंत्राट मार्चनंतर पुढे चालू राहणार नाही. ती शिक्षा रास्त होती, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. माझा संताप दुसऱ्या गोष्टीचा आहे. सांगणारीला शिक्षा झाली. ऐकून ते कागदावर चढवणाऱ्याला, अर्धं वाक्य कापून वापरणाऱ्याला, चटई अंथरणाऱ्याला काही झालं नाही. उदय म्हणाला, "अपील कर." मी म्हटलं, "काय म्हणून? मी केलंच आहे ते."

रिलेत आपल्या, म्हणजे स्वीडनच्या मुली सहाव्या आल्या. एब्बा चांगली धावली. तिच्यावर कोणी बोट ठेवू नये, मीही ठेवत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एव्हर्टचा फोन आला. हा माणूस फोनवर कधी बोलत नसे. "रविवारी नव्वद किलोमीटरची ती जुनी लोकशर्यत आहे," तो म्हणाला. "सिग्ने उतरतेय. उशिरा नाव दिलं म्हणून अगदी मागच्या गटात टाकलीय. वाटेत सूप द्यायला एक माणूस कमी पडतोय. येतेस?"

"तिला सांगितलंय का?"

"नाही."

मी गेले. त्या शर्यतीत हजारो माणसं उतरतात, कारकून, शिक्षक, आजोबा, नवरा-बायको; ज्याला हौस आहे तो. साठाव्या किलोमीटरपाशी मी ब्लूबेरीच्या गरम सुपाचा थर्मास घेऊन उभी राहिले. एव्हर्ट तूवाला घेऊन शेवटच्या रेषेपाशी. पुढच्या गटातले सराईत धावपटू निघून गेले, मग माणसांचा नुसता लोंढा सुरू झाला. त्या गर्दीत वाट काढत, कधी कडेच्या मऊ बर्फातून, माणसामागून माणूस मागे टाकत सिग्ने येताना दिसली. चेहऱ्यावर घामाचं मीठ पांढरं वाळलेलं. मी कप पुढे धरला.

तिने मला पाहिलं. थांबली नाही, पण वेग कमी केला. कप घेतला, एका दमात प्याली, तोंड वाकडं केलं.

"गार झालंय," ती म्हणाली. "पुढच्या वेळी गरम आण."

आणि गेली. मी तिथे रिकामा कप उचलून बर्फात उभी राहिले आणि हमसून हमसून रडले. शेजारचा एक अनोळखी म्हातारा मला बन देऊ लागला. मी नको म्हटलं.

ती बायकांमध्ये सतरावी आली. मागच्या गटातून निघून, सहा-सात हजार माणसांना ओलांडून. संघाकडून तिला पुन्हा बोलावणं आलं ते मे महिन्यात. तिने एकच अट घातली: जो निर्णय झाला तो चुकीचा होता असं लेखी द्या. ते कोणी दिलं नाही. ती पुन्हा देशासाठी धावली नाही. रॉल्फने वर्तमानपत्राला सांगितलं, "सिग्नेने कुटुंबाला प्राधान्य दिलं. मला तिचा आदर वाटतो." तो निवृत्त झाला तेव्हा मोठा समारंभ झाला.

मी गावातच छोटा दवाखाना काढला. सिग्ने अजूनही महिन्यातून एकदा येते. मालिश करून घेते, दर वेळी सांगते की माझे हात गार आहेत.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात हेडविकेन स्की क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास छापायला जात होता. जुने फोटो ओळखण्यासाठी त्याची काही पानं मला दाखवायला पाठवली. सिग्नेच्या फोटोखाली दीड ओळ होती: 'बाळंतपणानंतर कमरेच्या दुखण्यामुळे कारकीर्द संपली.'

मी संपादकाला फोन लावला. तिशीतला, सभ्य माणूस. म्हणाला, "पण तशी नोंद आहे. समितीच्या कागदपत्रांत एका टाईप केलेल्या दाखल्याची प्रत सापडली. तुझ्याच नावाची."

"त्यावर सही आहे का?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही. सही नाही."

"का नाही ते विचारलं कोणाला?"

तो म्हणाला, "मग मी काय लिहू?"

"मला काय विचारतोस? ती हयात आहे. सहा किलोमीटरवर राहते. फोन उचलते."

मी नंबर सांगितला. त्याने लिहून घेतला.

तिसऱ्या दिवशी सिग्नेचा फोन आला. "त्या पुस्तकवाल्याला तू पाठवलंस ना? तीन तास बसला होता. सगळं लिहून घेतलं त्याने, चटईसकट."

"काय विचारलं त्याने?"

"आल्या आल्या पहिला प्रश्न, कंबर कशी आहे."

"मग?"

"मी म्हटलं, बरी आहे. तुझी कशी आहे?"